दोघे वाटेवर, दहाजण पाठीशी!

नवरा गाडी चालवतो, बायको मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसते आणि धाकटे मूल पुढे टाकीवर. मोटारसायकलवरचे कुटुंब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहते. लग्नकार्याला, दवाखान्यात, सासुरवाडीला आपण असेच जातो. पण पती-पत्नी दोघांनीही आपापली वेगळी मोटारसायकल घ्यावी आणि जग पाहायला बाहेर पडावे, आणि तेही महिना-दोन महिने नव्हे तर चार वर्षे! वाचक बंधू-भगिनींनो, अशी माणसे खरोखर आहेत.

ख्रिस आणि एरिन राटे हे अमेरिकेतील दांपत्य. 21 मे 1999 रोजी त्यांचा प्रवास उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को देशातून सुरू झाला आणि 6 ऑगस्ट 2003 रोजी न्यूयॉर्कला संपला. सहा खंड, 50 देश आणि 1 लाख 1 हजार 322 मैल, म्हणजे सुमारे 1 लाख 63 हजार किलोमीटर! पती-पत्नीने स्वतंत्र मोटारसायकलींवर केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली.

हिशेब काय सांगतो?

मी कारकुनी करणारा माणूस. मोठा आकडा दिसला की त्याला भागून पाहण्याची सवय आहे. हा प्रवास झाला 1538 दिवसांचा. म्हणजे दिवसाला सरासरी फक्त 106 किलोमीटर! मुंबईहून लोणावळ्याच्या थोडे पुढे. आपल्याकडचा कुणीही तरुण एवढे अंतर सकाळच्या प्रहरी कापून दुपारी जेवायला घरी येईल. पण चार वर्षे, दोन महिने आणि वर काही दिवस हा रतीब चालू ठेवला तर पृथ्वीला विषुववृत्तावरून चार फेऱ्या होतील एवढे अंतर पदरात पडते.

सरासरी एवढी कमी का, तर अशा प्रवासात सगळेच दिवस चाकावर जात नाहीत. व्हिसासाठी वकिलातीच्या दारात थांबावे लागते. एखादा सुटा भाग परदेशातून येईपर्यंत खोळंबावे लागते. कुठे समुद्र आडवा येतो, तर कुठे रस्ताच नसतो. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग प्रसिद्ध आहे. पण पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे शंभर किलोमीटर घनदाट जंगल आणि दलदल आहे, तिथे तो तुटतो. त्या भागाला दारियन म्हणतात. तिथे भल्याभल्यांना गाडी जहाजात किंवा विमानात घालून पलीकडे न्यावी लागते. ज्याला घाई आहे त्याचे हे काम नव्हे.

हँडल कुणाच्या हाती?

दोघांनी जायचे तर दोन रीती आहेत. ऑस्ट्रेलियाचे पीटर आणि के फॉरवुड हे पती-पत्नी 1996 मध्ये निघाले, ते एकाच हार्ले-डेव्हिडसन गाडीवर, डबल सीट. त्या एका गाडीने पुढे कितीतरी देश पाहिले. इंग्लंडचे सायमन आणि लिसा थॉमस 2003 मध्ये निघाले, ते मात्र राटे दांपत्याप्रमाणे दोन गाड्यांवर.

दोन गाड्या म्हणजे खर्च दुप्पट. पेट्रोल, टायर, विमा, जहाजाचे भाडे, सगळे दोनदा. मग हा उपद्व्याप कशासाठी? एक तर, एक गाडी बंद पडली तर दुसरी घेऊन मदत आणता येते. सामान दोन ठिकाणी विभागले जाते. आणि तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. मागे बसणाऱ्या बाईला रस्ता दिसतो तो नवऱ्याच्या खांद्यावरून. स्वतःचे हँडल असले की तोच रस्ता तिला समोरून दिसतो. खड्डा तिचाच, ब्रेक तिचाच, आणि ‘आता थांबू या, मी दमले’ हे म्हणण्याचा अधिकारही तिचाच. एरिन किंवा लिसा यांना ‘तिच्या नवऱ्याने तिला जग दाखवले’ असे कुणी म्हणू शकणार नाही. त्या स्वतः गेल्या.

कागदांचे ओझे

आपल्याला वाटते, गाडीत पेट्रोल भरले की झाले. पण गाडी परदेशात न्यायची तर माणसाप्रमाणे तिलाही एक पासपोर्ट लागतो. त्याला ‘कार्ने’ म्हणतात. हे पावती-पुस्तकासारखे पुस्तक असते. देशात शिरताना कस्टमचा अधिकारी पानाचा एक तुकडा कापून घेतो आणि बाहेर पडताना दुसरा. राहिलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के हवेत. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर तुम्ही गाडी तिथेच विकली असे समजून जकातीची मागणी होते. ही मागणी भागवण्याची हमी पुस्तक देणारी मोटार संघटना घेते आणि त्यासाठी आपल्याकडून आधीच अनामत किंवा बँकेची हमी घेते. काही देशांसाठी ही रक्कम गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते! आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे पुस्तक देत आली आहे. त्याची मुदत एक वर्षाची. म्हणजे चार वर्षांच्या प्रवासाला एक पुस्तक पुरायचे नाही.

मग नवे पुस्तक कोण काढणार? बँकेत कोण जाणार? इथेच घरी राहिलेल्या मंडळींचे काम सुरू होते.

मागे राहिलेले मित्र

गिनीज बुकात नावे दोनच येतात. पण अशा प्रवासामागे पाच-दहा माणसे राबत असतात. कुणाकडे घराची किल्ली, कुणाकडे बँकेचे मुखत्यारपत्र. कुणी आलेली टपाल उघडून महत्त्वाचे काय ते कळवतो, तर कुणी चेन किंवा क्लचची प्लेट विकत घेऊन चार हजार मैलांवरच्या पत्त्यावर पाठवतो.

आणि सर्वांत अवघड काम म्हणजे बातमीची वाट पाहणे. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन 1973 ते 1977 या काळात ट्रायम्फ मोटारसायकलवर एकटा जग फिरला, आपल्या भारतातूनही गेला. त्या काळी प्रवाशाला पत्र पाठवायचे तर पुढच्या मोठ्या शहराच्या टपाल कार्यालयात ‘पोस्ट रेस्टांट’ लिहून पाठवावे लागे. प्रवासी तिथे पोहोचला, पासपोर्ट दाखवला, की पत्र हातात. नाही पोहोचला तर पत्र तसेच पडून. 1996 मध्ये हॉटमेल आले आणि कुठल्याही गावच्या संगणकावरून फुकट पत्र धाडता येऊ लागले. राटे दांपत्य निघाले तेव्हा सायबर कॅफे गल्लोगल्ली निघत होते. आज तर उपग्रहाशी जोडलेले, मुठीत मावणारे यंत्र मिळते. गाडी कुठे आहे ते घरबसल्या नकाशावर ठिपक्याने दिसते.

तरी काळजी संपलेली नाही. ॲमेझॉनच्या जंगलात सायमन थॉमसच्या मानेचे हाड मोडले. तो वाचला आणि पुन्हा गाडीवर बसला. पण अशी बातमी घरी पोहोचते तेव्हा घरच्यांच्या हाती काय असते? कधी उलटेही घडते. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाला, तेव्हा राटे दांपत्याचा प्रवास निम्म्यावर आला होता. ज्या शहरात त्यांचा प्रवास संपायचा होता, तेच शहर धुराने भरले होते. अशा दिवशी वाटेवरच्यांनीच घरच्यांची खुशाली विचारायची असते.

आपण काय घ्यावे?

जगाची फेरी आपल्यापैकी किती जणांच्या खिशाला परवडेल? फारच थोड्यांच्या. पण मागे राहून सांभाळणे आपल्याला नवीन नाही. आखाती देशात कामाला गेलेल्या माणसाचे घर, पोरांची शाळा, म्हाताऱ्या आईचे औषध आपल्या वस्तीतला शेजारीच पाहतो. त्याचे नाव कुठल्या बुकात येत नाही, पण त्याच्या जिवावर जाणारा निर्धास्त जातो.

तेव्हा गावी जायचे असो की दूरच्या सहलीला, निघण्यापूर्वी एका विश्वासू मित्राकडे कागद ठेवा. त्यावर गाडीचा नंबर, लायसन्स व विमा यांच्या झेरॉक्स, दोघांचे रक्तगट, मुक्कामाची गावे आणि फोन करण्याची वेळ लिहा. किती तास फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची, हेही आधीच ठरवा. म्हणजे उगाच घबराट होत नाही आणि खरी गरज असेल तेव्हा उशीरही होत नाही. हेल्मेट दोघांनाही हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 मागे बसणाऱ्यालाही लागू आहे.

आणि शेवटचे. घरात मुलगी अठरा वर्षांची झाली असेल तर भावाबरोबर तिलाही गिअरची गाडी शिकवा आणि तिच्या नावाचे लायसन्स काढा. उद्या ती लोणावळ्याला जाईल की मोरोक्कोला, ते तिचे ती ठरवील.