पंचवीस वर्षांची सनद

7 डिसेंबर 2000 रोजी नीसमध्ये युरोपीय संघानं मूलभूत हक्कांची सनद जाहीर केली, त्याला 25 वर्षं झाली. ब्रिटनचे तेव्हाचे युरोपमंत्री कीथ वाझ मूळ गोव्याच्या घराण्यातले. ‘बीनो’ या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकापेक्षा ही सनद जास्त बंधनकारक नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. पुढची काही वर्षं सार्वमतं आणि मसुद्यांच्या काथ्याकुटात गेली. ती सोडून देऊ. 1 डिसेंबर 2009 ला लिस्बन करार लागू झाला, सनद बंधनकारक झाली आणि थट्टा थांबली.

खरं दशक त्यानंतरचं. मी तेव्हा ब्रुसेल्समध्ये राहत होतो. एप्रिल 2014 मध्ये संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयानं फोन-इंटरनेटच्या नोंदी साठवून ठेवायला लावणारा संघाचाच कायदा सनदेच्या आधारे रद्द केला. पुढच्या वर्षी मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन तरुणाच्या फेसबुकविरुद्धच्या तक्रारीतून अमेरिकेला माहिती पाठवण्याची अख्खी व्यवस्था कोसळली. (तक्रार केली तेव्हा तो कायद्याचा विद्यार्थी होता, आपल्याकडे ‘आधी परीक्षा दे’ म्हणून गप्प बसवला असता.)

पण डिसेंबर 2014 मध्ये याच न्यायालयानं संघाला युरोपीय मानवाधिकार करारात सामील होऊ दिलं नाही. इतरांना तपासायचं, आपल्यावर मात्र स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाची नजर नको! तो निकाल मला आजही खुपतो. 2016 मध्ये तुर्कस्तानशी निर्वासितांबद्दल समझोता झाला. त्यावर दाद मागितली, तर तो सदस्यदेशांचा, संघाचा नव्हे, असं सांगून संघाच्या कनिष्ठ न्यायालयानं हात झटकले.

हंगेरीत तर हसावं की रडावं कळेना. सरकारनं न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं. 2012 मध्ये लक्झेंबर्गनं ते चूक ठरवलं, पण वयावरून भेदभाव म्हणून. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. बरेच न्यायाधीश जुन्या खुर्चीवर परतले नाहीत. दुखणं सनदेच्या कलम 51 मध्ये आहे: सदस्यदेशांना ती लागू होते फक्त संघाचा कायदा राबवताना. आपल्या राज्यघटनेतल्या कलम 32 सारखा नागरिकाला थेट दरवाजा तिथे नाही.

ब्रिटननं संघ सोडताना युरोपीय कायद्यांचा मोठा साठा ठेवून घेतला, सनद मात्र वगळली. इतकी फुसकी होती, तर वगळण्याची घाई कशाला?

संघाची मूल्यं मोडणाऱ्या सदस्यदेशाचा मतदानाचा हक्क काढून घेण्यापर्यंत जाणारी कारवाई 2017 मध्ये पोलंडविरुद्ध सुरू झाली, 2018 मध्ये हंगेरीविरुद्ध. पोलंडची 2024 मध्ये मिटली, तीही मतदारांनी सरकार बदलल्यावर. हंगेरीची पडून राहिली, आणि 2025 मध्ये तिथल्या संसदेनं प्राइड मोर्चावर बंदी घालता येईल असा कायदा बिनदिक्कत केला.