गांजाच्या दुकानातली पाटी

दुकानाची पाटी म्हटली की ती गिऱ्हाईक बोलावणारी असते. मालाचे नाव, भाव, "आमच्याकडे उत्तम माल मिळेल" असे तिच्यावर लिहिलेले असते. पण "हा माल तुम्ही घेऊ नका" अशी पाटी दुकानदाराने आपल्याच दुकानात लावायची, हे ऐकून नवल वाटते. अमेरिकेत काही ठिकाणी अशी पाटी लावावीच लागते. माल आहे गांजा. ज्यांनी तो घेऊ नये, त्या आहेत गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया. ही पाटी का लागली, तिने काय साधते आणि काय साधत नाही, ते आपण पाहू.

दुकाने कशी आली?

अमेरिकेत पुष्कळ राज्ये आहेत. काही बाबतींत प्रत्येक राज्य आपला कायदा आपण करते. केंद्राचा कायदा गांजाची खुली विक्री मान्य करीत नाही. तरी २०१२ साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत लोकांनी मते देऊन गांजा खुला केला. २०१४ साली तिथे दुकाने उघडली. पुढे ओरेगॉन, अलास्का, कॅलिफोर्निया अशी एकेक राज्ये त्याच वाटेने गेली. २०२३ साल संपता संपता अशी २४ राज्ये झाली. शेजारच्या कॅनडा देशाने २०१८ साली सबंध देशात विक्री खुली केली.

आता दुकान उघडले म्हणजे गिऱ्हाईक येणार. त्यात पोटुशी बाईही येणार. तिला गांजा कशाला हवा, असे तुम्ही विचाराल. पहिल्या महिन्यांत मळमळते, उलट्या होतात, अन्नाचा वास नको होतो, हे घरोघरच्या बायांना ठाऊक आहे. गांजाने मळमळ थांबते असे तिच्या कानांवर आलेले असते. "झाडपाला तर आहे, त्याने काय होते?" असे तिला वाटते. त्या देशात २००२–०३ साली शंभर गरोदर बायांत सुमारे ३ जणी महिन्याभरात कधी ना कधी गांजा घेत. २०१६–१७ साली हा आकडा ७ वर गेला.

दुकानदार काय सांगतो?

कोलोरॅडोतील काही डॉक्टरांनी एक तपासणी केली. ती २०१८ साली छापून आली. त्यांनी ४०० दुकानांना टेलिफोन केले. बोलणारीने सांगितले, "मला आठ आठवड्यांचे दिवस गेले आहेत. फार मळमळते. काय घेऊ?" शंभरांतल्या सुमारे ६९ दुकानांनी "आमचा गांजा घ्या" असाच सल्ला दिला! "आधी डॉक्टरला विचारा" असे आपणहून सांगणारे तिसऱ्या हिश्शाहूनही थोडे कमी निघाले.

ही दुकानातली माणसे दुष्ट होती काय? तसे आम्ही म्हणणार नाही. पण ती वैद्य नव्हती. माल विकणे हे त्यांचे काम. विकणाऱ्याच्या तोंडून औषध विचारले तर असेच व्हायचे. म्हणूनच विकणाऱ्याच्या जिभेवर भरवसा न ठेवता भिंतीवर लिहून ठेवावे, असा विचार पुढे आला.

पोटातल्या बाळाला काय होते?

आईच्या पोटात बाळ वारेला नाळेने जोडलेले असते. आईच्या रक्तातले पोषण वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाकडे जाते. गांजात टीएचसी नावाचे द्रव्य असते. नशा येते ती त्यानेच. हे द्रव्यही वारेतून बाळाकडे जाते. गांजा ओढा, खा, नाहीतर घोटून प्या. वाट निराळी, पण द्रव्य शेवटी रक्तातच येते. शिवाय ओढला तर धुराचे विष वर.

बाळाचा मेंदू याच दिवसांत घडत असतो. घडत्या मेंदूत ज्या ठिकाणी शरीराची स्वतःची द्रव्ये काम करतात, त्याच ठिकाणी टीएचसी जाऊन बसते. कच्च्या मडक्याला नको तिथे बोट लागावे, तसे हे आहे. गांजा घेणाऱ्या बायांची बाळे वजनाने कमी भरतात, असे अनेक तपासण्यांत दिसले आहे. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसतो. दुधातूनही द्रव्य उतरते. २०१८ सालच्या एका तपासणीत शेवटचा गांजा घेतल्यावर सहा दिवसांपर्यंत ते आईच्या दुधात सापडले.

तरी पाटीवर "बाळाला इजा होईलच" असे लिहीत नाहीत. "इजा होऊ शकते" असे लिहितात. याचे कारण समजून घ्यावे. गरोदर बाईला मुद्दाम गांजा देऊन कोणी प्रयोग करीत नाही, करूही नये. गांजा घेणाऱ्या कित्येक बाया सिगारेटही ओढतात. मग कोणते नुकसान कशाने झाले, हे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणून जेवढे ठाऊक तेवढेच लिहायचे. धोक्याची शंका असली की दूर राहावे, हा शहाणपणाचा मार्ग.

"पूर्वीचे लोकही ओढतच होते," असे कोणी म्हणेल. पण माल पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत पकडलेल्या गांजात १९९५ साली शंभर भागांत सुमारे ४ भाग टीएचसी होते. २०१४ साली ते १२ भाग झाले.

पाटी लागली

दारूच्या बाबतीत ही वाट आधीच पडलेली होती. १९८८ साली अमेरिकेत कायदा झाला आणि दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर बायांसाठी इशारा छापणे भाग पडले. २०१५ साली तेथील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने मागणी केली की गांजाच्या वेष्टनावर आणि विक्रीच्या जागीही असा लेखी इशारा हवा. ओरेगॉनमध्ये दुकानात गरोदर व पाजत्या आयांसाठी पाटी लावण्याचा नियम झाला. कॅलिफोर्नियात व कॅनडात वेष्टनावर तसा मजकूर छापावा लागतो.

यावर आक्षेपही आहेत. दुकानदार म्हणतात, इतर मालाला नाही एवढी बंधने आम्हालाच का? दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. तेथील काही राज्यांत गरोदर बाईच्या तपासणीत गांजा निघाला तर सरकारी खात्याला कळवतात. मूल आपल्यापासून काढून नेतील, या भीतीने बाई दवाखान्यातच जात नाही. म्हणजे बाळाचे दुहेरी नुकसान! म्हणून पाटी दटावणारी नसावी. "घेतला असेल तर आता थांबा, आणि डॉक्टरकडे या," असे सांगणारी असावी. आम्हाला हे पटते. भ्यालेल्या बाईला शहाणपण ऐकू येत नाही. धीर दिला तर ती ऐकते.

आपल्याला यातून काय घ्यायचे?

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. म्हणून गांजाचे दुकानही नाही आणि पाटीही नाही. पण पाटी नाही म्हणून धोका नाही, असे नव्हे. सणाला भांग घोटतात. भांग त्याच झाडाच्या पानांची असते. पोटुशी बाईने तिचा घोटही घेऊ नये.

आणि मिशरीचे काय? मिशरी म्हणजे जाळलेली तंबाखूच. ती तर घरोघरी कोनाड्यात असते. मुंबईत गरोदर बायांची तपासणी झाली, ती २००४ साली छापून आली. मिशरी, तंबाखू तोंडात धरणाऱ्या बायांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली. तंबाखूच्या पुडीवर आज चित्रासह इशारा असतो. पण मिशरी घरच्या तव्यावर भाजलेली. तिच्यावर इशारा कोण छापणार?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पाटीला हात नाहीत. ती कोणाच्या हातातली चिलीम काढून घेत नाही, मिशरीची डबी फेकून देत नाही. ती फक्त सांगते, आणि तेही ज्याला वाचता येते त्यालाच. तुम्हाला आता वाचता येते. घरात सून, लेक, शेजारीण पोटुशी असेल तर पुडीवरचा इशारा तिला वाचून दाखवा. मळमळ फार होत असेल तर पानाच्या टपरीवर विचारू नका. आशाताईंना, नर्सबाईंना विचारा, नाहीतर सरकारी दवाखान्यात जा. मिशरी सुटत नसेल तर तेही त्यांना न लाजता सांगा. बाळाला पोटातून ओरडता येत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलले पाहिजे.