ट्यूबवरचा आकडा आणि आपलं ऊन

सनस्क्रीन घेताना आपण बघतो तो आकडा. ३० पेक्षा ५० बरं, आणि जवळजवळ दुप्पट बरं, असा आपला हिशेब असतो. तो चुकतो. एसपीएफ हा आकडा त्वचा लाल करणाऱ्या, मुख्यतः अतिनील ‘बी’ किरणांपुरता आहे. १५ असेल तर पंधरावा हिस्सा आत येतो, म्हणजे सुमारे ९३ टक्के अडतात. ३० ला ९७ टक्के, ५० ला ९८.

खरी मेख पुढे आहे. प्रयोगशाळेत हा आकडा काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. आपण काय करतो? तुरीच्या दाण्याएवढा ठिपका घ्यायचा आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पुरवायचा! चेहऱ्याला या हिशेबाने एक ग्रॅमच्या वर लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-साडेतीन आठवड्यांत संपली पाहिजे. तुमची दिवाळीची अजून चालली आहे का? मग पैसे ५० चे दिलेत, पण चेहऱ्यावर ५० कधी नव्हतंच. अर्धंच लावलं की संरक्षण निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतं. म्हणून महागडी ५० ची जपून वापरण्यापेक्षा परवडणारी ३० ची सढळ हाताने लावा, असं मी सांगतो. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि उन्हातच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

ट्यूबवर ‘पीए’ आणि पुढे अधिकची चिन्हं असतात, एक ते चार. ती अतिनील ‘ए’ किरणांसाठी. हे किरण काचेतून येतात, त्यामुळे एसटीत खिडकीशी बसून अकोल्याला गेलात तरी पोचतात. आपली सावळी त्वचा सहसा भाजत नाही. ती काळवंडते, वांग उठतात. तेव्हा आपल्याला ही चिन्हं जास्त कामाची, तीन किंवा चार बघून घ्या. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, म्हणून ज्यांना ते आहेत त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन डॉक्टरांना विचारावं.

आणखी एक गोंधळ. तापमान आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमरावतीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत गारवा असतो, आभाळ असतं, पण पातळ ढगांतून हे किरण बरेचसे खाली येतात. उलट मे महिन्यात सनस्क्रीन लावलं म्हणून ऊन लागायचं थांबत नाही. त्याला पाणी, सावली आणि पन्हंच पाहिजे.

आता शेतातल्या बाया. निंदणाला दिवसभर वाकून असताना दर दोन तासांनी ट्यूब कोण काढणार, आणि घामात ती टिकणार किती? त्या लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा जुना शर्ट घालतात, डोक्या-तोंडाला दुपट्टा बांधतात. शर्ट जाड विणीचा, गडद रंगाचा असेल तर हे संरक्षण पक्कं आहे. ते घामात वाहून जात नाही. विरलेला, पांढरा, ओला झालेला शर्ट मात्र बरेच किरण आत सोडतो. मलम फक्त उघड्या राहिलेल्या नाक-गालांना लावायचं.

आणि वांगासाठी कोणीतरी सुचवलेली स्टेरॉइडची क्रीम चेहऱ्याला लावत असाल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ती काही दिवस उजळवते, मग कातडी पातळ होते, आणि तेच ऊन जास्त झोंबायला लागतं.