गाभण डुकरीण आणि विषाणूची बाधा



ऊस व धानाबरोबर जोडधंदा म्हणून जे डुकरे पाळतात, त्यांच्यासाठी हे चार शब्द. डुकरीण चांगली खाते-पिते, ताप नाही; पण वेताच्या वेळी दोन पिल्ले जिवंत, बाकीची काळी, सुकलेली, लहान-मोठी. घरचे म्हणतात, नजर लागली. व्यापारी म्हणतो, विकून टाका. आम्ही म्हणतो, घाई करू नका.

डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. गर्भाशयाच्या दोन लांब फाट्यांत पिल्ले ओळीने वाढतात. पार्व्हो नावाचा विषाणू तिच्या रक्तातून वारेत व तेथून गर्भात शिरतो. पहिल्या ३० दिवसांत गाठले तर गर्भ आतल्या आत जिरतो. सगळेच जिरले तर डुकरीण पुन्हा माजावर येते. ३० ते ७० दिवसांत हाडे धरू लागतात, ती जिरत नाहीत. मेलेले पिल्लू सुकून राहते. ७० दिवसांनंतर पिल्लू स्वतःच प्रतिकार करते व बहुधा वाचते. विषाणू एका गर्भाकडून शेजारच्याकडे सरकतो, म्हणून सुकलेल्या पिल्लांचे आकार निरनिराळे.

दुसरा जपानी मेंदूज्वराचा विषाणू. बोदलकसा तलावाच्या आसपास आहे तसे पाणी, धानाच्या बांध्या, बगळे व डास त्याला मानवतात. बगळ्याला चावलेला डास डुकराला चावतो. डुकरीण वरून धडधाकट दिसते, पण पिल्ले मेलेली जन्मतात. तसाच डास माणसाला चावला तर लेकरांच्या जिवावर बेतते.

यास्तव एवढे करावे :

१) मेलेली पिल्ले कुत्र्यांपुढे टाकू नयेत, उघड्या हाताने धरू नयेत. ब्रुसेला हा जिवाणूही गाभ पाडतो व माणसालाही लागतो. पिल्ले पिशवीत घालून, बर्फात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत.

२) पहिलटकर डुकरिणी भरविण्यापूर्वी काही आठवडे जुन्या, निरोगी डुकरिणींजवळ ठेवाव्यात. त्यांच्या अंगी पार्व्होविरुद्ध प्रतिकारशक्ती येते.

३) डुकरांचा गोठा वस्तीपासून लांब असावा. मुलांना मच्छरदाणीत निजवावे. मेंदूज्वराच्या लशीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

पार्व्हो किंवा मेंदूज्वराची बाधा एकदा होऊन गेली की डुकरिणीच्या अंगी त्या रोगाविरुद्ध शक्ती येते. पुढचे वेत बहुधा नीट होते. तेव्हा तपासणीत ब्रुसेला निघाला नाही, तर तिला ठेवा. दोष तिचा नाही, आणि नजरेचा तर नाहीच नाही.