डिस्ट्रिब्युटर सैल झाला तर

आलापल्लीहून सिरोंच्याला यायचं म्हणजे जंगलातून सुमारे 100 किलोमीटर. पावसाळा सरता सरता हा रस्ता गाडीचा एकेक नटबोल्ट तपासून घेतो. आमच्या घरची पेट्रोलवर चालणारी अॅम्बॅसिडर एकदा जिमलगट्ट्यापर्यंत छान आली आणि पुढे चढावर ओढेचना. सायलेन्सरमधून फटफट आवाज, इंजिन तापलेलं. घरी आल्यावर कुणी प्लगला दोष दिला, कुणी पेट्रोलमधल्या कचऱ्याला. बॉनेट उघडून वडिलांनी प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा डबा हातात धरला, तर तो सहज फिरला. गाडी बंद असताना तो जराही हलता कामा नये.

आता तो आवळून टाकला की झालं, असं कुणालाही वाटेल. चूक तिथेच होते. सैल झालेला डिस्ट्रिब्युटर आपल्या जागेवरून फिरलेला असतो. तसाच आवळला, तर बिघाड पक्का होतो.

कारण असं. अॅम्बॅसिडरच्या 1489 सीसी इंजिनाला चार सिलिंडर. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेतो तेव्हा प्लगांना मिळून सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. ती वेळ ठरते डब्याच्या कोनावर. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून डबा 3 अंश सरकला की इंजिनाच्या हिशेबात 6 अंश सरकतात. ठिणगी उशिरा पडली तर ओढ जाते आणि इंजिन तापतं. लवकर पडली तर चढावर टकटक ऐकू येते आणि स्टार्ट करताना हँडल उलटा झटका देतं. हा झटका मनगट मोडू शकतो. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वेटोळं घालायचं नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद. चारही प्लग काढले की इंजिन हातानं हलकं फिरतं. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि आधी पॉइंटचा, म्हणजे आतल्या उघडमिट होणाऱ्या संपर्कांचा, गॅप बघा. इंजिन फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील असं थांबा आणि फीलर गेजनं मोजा. ल्युकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मिलिमीटर चालतो. हे आधी करायचं, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. याच वेळी रोटरखालचा शाफ्ट आडवा हलवून पाहा. चांगलाच हलत असेल तर बुश झिजला आहे. तो बदलल्याशिवाय टायमिंग स्थिर राहणार नाही.

आता पहिल्या सिलिंडरच्या, म्हणजे रेडिएटरजवळच्या, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि कुणाला तरी हँडल सावकाश फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पुढच्या पुलीवर एक खाच असते आणि तिच्यासमोर कव्हरवर खुणेची टोकं. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात जितके अंश दिले असतील, त्या टोकासमोर खाच आणून थांबा. पुढे गेली तर थोडं मागे घेऊन पुन्हा सरळ दिशेनंच या, म्हणजे चेनचा ढिलेपणा मोजमापात येत नाही. रोटरचं तोंड आता पहिल्या प्लगच्या वायरीकडे हवं. इथून वायरींचा क्रम 1-3-4-2, घड्याळाच्या उलट दिशेनं.

नेमकी जागा शोधायला 12 व्होल्टचा एक छोटा बल्ब पुरतो. त्याची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. किल्ली चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डबा आधी घड्याळाच्या उलट दिशेनं, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग अगदी केसाकेसानं घड्याळाच्या दिशेनं आणा. बल्ब पेटला त्या क्षणी हात थांबवा. ठिणगी पडण्याची जागा तीच. किल्ली लगेच बंद करा, नाहीतर पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

आता आवळायचं. डब्याच्या दांड्याभोवती एक पट्टी असते, तिचे दोन कान बोल्टनं जवळ येतात आणि दांडा आवळला जातो. आमच्या गाडीत खरा दोष इथे होता. आधी कुणीतरी जोर लावून कान वाकवले होते. ते एकमेकांना टेकले, तरी दांडा सैलच. अशी पट्टी कितीही आवळली तरी पकडत नाही, ती बदलावीच लागते. पट्टीला इंजिनावर धरून ठेवणारे बोल्टही तपासा. पान्याचीही काळजी घ्या. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे. 7/16 इंचाला 11 नंबरचा पाना जवळजवळ बसतो, पण 1/2 इंचाला 13 नंबर सैल पडतो आणि बोल्टचे कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा एक संच घरात ठेवणं मला फार गरजेचं वाटतं. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातलं अॅम्बॅसिडरचं उत्पादन 2014 साली थांबलं, आता बोल्टही जपावे लागतात.

आवळताना डबा सरकतो. म्हणून शेवटी बल्ब लावून खाचेपाशी पुन्हा एकदा बघायचं. मग प्लग, कॅप, वायरी बसवून गाडी प्राणहितेच्या पुलापर्यंत नेऊन आणायची, टॉप गिअरमध्ये हळूहळू ॲक्सिलरेटर दाबत. टकटक आली तर डबा घड्याळाच्या उलट दिशेनं किंचित मागे.

वडिलांनी त्या संध्याकाळी आईच्या नखपॉलिशची बाटली मागून घेतली आणि डब्यापासून इंजिनापर्यंत एक लाल रेघ ओढली. पुढच्या वेळी जंगलात डबा फिरला, तेव्हा बल्बही नव्हता आणि गेजही नव्हता. रेघेला रेघ जुळवली आणि गाडी घरी आली.