कार्ब्युरेटरला दाब किती द्यायचा? प्रश्न छोटा, पण चल राशी कोणती?

अमेरिकन व्ही-८ इंजिनावर होली कार्ब्युरेटर बसवला की इंधनाचा दाब साधारण ५ ते ७ पीएसआय ठेवतात. वेबर डीसीओईला मात्र ३ च्या आसपासच पुरतो. आकडे पाठ करणं सोपं आहे, पण रिसर्चला येणाऱ्याने आधी विचारायला हवं: हा दाब नेमकं काय बदलतो?

बरेच जण म्हणतात, दाब वाढवला की जेटमधून पेट्रोल जास्त जातं. तसं थेट होत नाही. जेट फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल ओढतो आणि बाऊल वरून हवेला उघडा असतो. पंपाचा दाब नीडल व्हॉल्व्हपाशीच संपतो. तिथे दोन बळांची झटापट असते: फ्लोट सुईला वर दाबून धरतो, पेट्रोल तिला खाली ढकलतं.

आता थोडं गणित करू. सीटचं भोक २.८ मिमी धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मिमी. ६ पीएसआयला सुईवर जेमतेम २६ ग्रॅमचा भार येतो, ९ ला ३९. भार दीडपट झाला, पण उघड्या सुईतून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे फक्त २२ टक्के. हाच जादा प्रवाह भोक मोठं करून मिळवला, तर भारही २२ टक्केच वाढतो. म्हणून पेट्रोल कमी पडत असेल तर आधी सीट बघा, रेग्युलेटरचा स्क्रू नंतर. (मला हे कागदावर मांडल्यावरच पटलं.)

भार वाढला की सुई बंद करायला फ्लोटला जास्त बुडावं लागतं. बाऊलमधली पातळी चढते आणि मिश्रण रिच होतं. म्हणजे दाबाचा परिणाम होतो, पण पातळीमार्फत. दाब बदलून पातळी पुन्हा सेट केली नाही, तर तुम्ही एका प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या आणि निष्कर्ष एकीच्याच नावावर लिहिला. आणखी दाब वाढवलात तर सुई बसतच नाही, पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. तिथे आग लागू शकते.

उलट बाजूचा धोका दिसत नाही. आयडलला काटा ६ वर शांत असतो, कारण प्रवाह जवळजवळ नसतोच. ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला फुल थ्रॉटलला ताशी ९० लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. त्यात ड्रॅग रेसची गाडी १ जी ने सुटली आणि टाकीपासून इंजिनापर्यंत ३ मीटर पाइप असला, तर त्यातलं पेट्रोल मागे रेटलं जातं आणि सुमारे ३ पीएसआय तिथेच जातात. ७ चा पंप असेल तर कार्ब्युरेटरला उरतात ४. बाऊल रिकामा होत जातो, मिश्रण लीन होतं, पिस्टन वितळू शकतो. म्हणून मागे १४ पीएसआयचा पंप आणि पुढे कार्ब्युरेटरजवळ रेग्युलेटर, अशी मांडणी करतात. रीडिंगही तिथेच, रेग्युलेटरच्या पुढे, पूर्ण भारावर घ्यायचं.

आणि गेजचं काय? ग्लिसरीन भरलेला सीलबंद गेज इंजिनाजवळ तापला की आतला दाब वाढतो आणि काटा खरा दाब असेल त्यापेक्षा कमी दाखवतो. ६ च्या रीडिंगमध्ये १ ची चूकही फार मोठी. तो बघून कुणी रेग्युलेटर पिळला की बाऊल ओव्हरफ्लो. गेज गार झाल्यावर, इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालू करून, पुन्हा वाचून बघा.