ओटा कापायचा दिवस

सकाळी ८.४५. डहाणूकर कॉलनीतली आमची साइट. जुनी सोसायटी पाडून नवी इमारत उभी राहिलीय, आता ओटे आणि लाद्या चालू. सध्या कोथरूडच्या गल्ल्यागल्ल्यांत हेच चाललंय: पाडा, राडारोडा उचला, उभारा. मी सुपरवायझर. गेटवर हजेरी घेतो, हेल्मेटं मोजतो. मास्कचा रकाना रजिस्टरात नाही.

९.३०. चौथ्या मजल्यावर ग्रॅनाइट चढलं. आपला इकडचा काळा पाषाण धुळीच्या बाबतीत गरीब, त्यात फुप्फुसाला घातक अशी मोकळी सिलिका फारशी नसते. ग्रॅनाइटमध्ये मात्र पाव ते तिसरा हिस्सा. आणि हल्ली गिऱ्हाइकं मागतात त्या कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झमध्ये बहुधा नव्वद टक्क्यांच्या वर. ऑस्ट्रेलियाने तो १ जुलै २०२४पासून बंद केला. आमच्याकडे ब्रोशरात तो ‘प्रीमियम’.

१०.१५. सिंकचं भोक. मेस्त्री लातूरकडचे, वीस वर्षं ओटेच बसवतात. पेन्सिलीने चौकोन आखला, नाकावर रुमाल ओढला, कटर चालू केलं. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा बघता बघता दुधाळ झाला. मेस्त्रींच्या भुवया पांढऱ्या.

“मेस्त्री, पाणी मारा ना!”

“रेघ दिसत नाही साहेब.”

ही कारणं मला पाठ आहेत. पाणी मारलं की चिखलात रेघ बुडते, खालच्या नव्या लादीवर डाग पडतो, ओल्या हाताला मशीनचा शॉक बसतो. तिन्ही खरी. इलाजही आहेत: मेणाचा खडू, ताडपत्री, लीकेजला ट्रिप होणारा ब्रेकर. पण काम फुटावर दिलेलं, त्यामुळे इलाजाचा खर्च आणि खोटी दोन्ही मेस्त्रींच्या अंगावर. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

११.००. धूळ खाली बसली असं वाटतं. बसते ती जाडी. चार मायक्रॉनच्या आतली, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाची, डोळ्यांना दिसत नाही, बंद खोलीत तासन्‌तास तरंगते आणि रुमालातून आरपार जाते. फुप्फुसाच्या तळाशी पोचली की तिथल्या पेशी तिला गिळतात. पचवता येत नाही, पेशी मरते, कण मोकळा होतो, पुढची पेशी त्याला गिळते. दर खेपेला थोडा व्रण. म्हणून काम सोडलं तरी हा आजार, सिलिकोसिस, थांबेलच असं नाही, आणि झालेला व्रण भरून काढणारं औषध नाही.

१.००. डबे उघडले. मेस्त्रींनी भाकरीबरोबर गुळाचा खडा काढला. गुळाने छातीतली धूळ उतरते म्हणे. उतरत नाही, घसा तेवढा ओला होतो. त्यांचा थोरला भाऊ ओट्यांच्या कडांना मोल्डिंग करायचा, ग्राइंडर तोंडासमोर धरून. खोकला लागला, एक्स-रे काढला, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. कोर्स संपला, दम वाढला, परत गोळ्या. काम काय करता, हे तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं. गोंधळ होणं समजू शकतो, एक्स-रे दिसायला सारखे असतात आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर धरतो. पण तो एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो! कारखाना कायद्याच्या १९४८च्या यादीत सिलिकोसिसची नोंद सक्तीची होती. कुणाच्या तरी फ्लॅटमधलं स्वयंपाकघर हा कुठला कारखाना?

भाऊ आता गावी असतो. “पाटी उचलायचा तो,” मेस्त्री म्हणाले, “आता चप्पल घालताना खाली बसतो.”

४.३०. लाद्या घासून झाल्या. बिगारी पोरगं कोरडा झाडू घेऊन आलं आणि दिवसभर बसलेली धूळ पाच मिनिटांत परत उठवली. झाडू काढून घेतला, ओलं पोतं दिलं. पोरगं हसलं. साहेबांचं आपलं काहीतरी.

६.१५. गेटजवळच्या नळावर मेस्त्री शर्ट झटकत होते. म्हटलं, झटकू नका, भिजवूनच धुवा. त्यांनी तो तसाच पिशवीत कोंबला. घरी वहिनी धुतील, झटकूनच बहुतेक.

उद्या पाचवा मजला, ओटा क्वार्ट्झचा. वॉचमनला सांगून वरच्या पिंपात पाणी भरून ठेवलं, खडूंची पेटी स्वतःच्या पैशाने आणली. निघताना बाइकच्या सीटवरून हात फिरवला, तळवा पांढरा झाला.